डावीकडची सीट

तायडे साहेब,

तुमच्याबद्दल चांगलं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही गेल्यावर आपल्या पाटबंधारे ऑफिसच्या मंडळींनी तुमच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. लेख गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण नऊ वर्षं अमरावती-अकोला अपडाऊन आपण एका गाडीतून केलं. आलेले लेख वाचले. बहुतेकांनी तुम्हाला हसतमुख म्हटलं आहे. एकानं तर तुमचा शब्द कधी कोणाला लागला नाही असं लिहिलं आहे. हा माणूस कोण, मला कळेना. माझ्या शेजारी बसायचा तो बडनेरा मागे पडेपर्यंत तोंड उघडत नसे, आणि मूर्तिजापूर आलं की एकेक वाक्य असं टाकायचा की पुढचा सगळा रस्ता ते दातांत अडकलेल्या सुपारीसारखं टोचत राहावं.

लेख मागायला तुमच्या घरीही गेलो होतो. प्रज्ञा धारणीहून आलेली होती. नोकरीच्या गावाहून तुमची ही लेक आली की दोन दिवस तुम्ही गाडीत जरा बरे वागायचात, ते आठवलं. तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि स्वतः उभीच राहिली. बाकीचे काय लिहायचं ते लिहोत, म्हणाली, पण तुम्ही लिहाल तर खरं लिहा काका, नाहीतर पान कोरं सोडा. मी विचारलं, खरं म्हणजे काय गं?

"दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी बाबा तुमच्या घरी गाडीतली सीट धुवायला जायचे. ते बसायचे ती. आम्हाला सगळं माहीत आहे."

वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. पांढऱ्या साडीत त्यांना मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यांच्यादेखत मी काय बोललो ते तुम्हाला सांगतो. मी म्हणालो, "आईचं जुनं वळण आहे बेटा. म्हातारं माणूस. माझं त्यात काही नव्हतं."

प्रज्ञानं माझ्या हातातला ग्लास घेतला आणि आत गेली. परत आली नाही. मी थोडा वेळ बसलो, मग आपला आपण उठलो.

तेव्हापासून हा कागद समोर आहे. खरं लिहायचं म्हणजे सीटचं लिहायचं. तुमचा राग येतो तो इथूनच. तुम्ही हे सगळं माझ्यावर टाकून गेलात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या महालक्ष्म्या भाद्रपदात गावी बसतात, नांदगाव खंडेश्वरकडे, काकांच्या घरी. मुखवटे मात्र वडील गेल्यापासून अमरावतीला आईजवळ असतात. सणाच्या आदल्या दिवशी मुखवट्यांची पेटी नव्या कापडात गुंडाळून आई मांडीवर घेते, गाडीत पुढे डावीकडे बसते, आणि मी तिला गावी नेतो. वर्षाचे बाकीचे दिवस त्या सीटवर तुम्ही बसायचात.

अपडाऊनच्या पहिल्या वर्षी, महालक्ष्म्यांच्या तीन दिवस आधी, मी तुम्हाला फोन केला की गाडी सर्व्हिसिंगला टाकली आहे, दोन दिवस एसटीनं जा. तुम्ही बरं म्हणालात. मग मी रजा टाकून आमच्या आवारात गाडी उभी केली. चारही दारं उघडली. चौदा नंबरच्या पान्यानं सीटचे चार बोल्ट काढले, खालची वायर सोडवली आणि सीट बाहेर काढून बाजेवर ठेवली. बादलीभर पाणी, शाम्पू, कपडे घासायचा ब्रश. बार्शीटाकळीकडच्या कालव्यांवर आपण आठवड्यातून दोनदा जायचो, तिथली काळी माती सीटच्या शिवणीत आणि खालच्या गालिच्यात बसलेली होती. मी पाणी ओतून घासत होतो आणि काळा रेंदा वाढतच होता.

तुमचा डबा गाडीत राहिला होता. तुम्ही तो घ्यायला आलात, कारण माझ्या बायकोनं फोनवर सहज सांगून टाकलं की गाडी घरीच आहे. फाटकातून आत आलात ते मला दिसलं नाही. सावली पडली तेव्हा मान वर केली. तुम्ही बाजेवरच्या सीटकडे पाहत होता. मग वाकून गाडीत पाहिलंत. उजवीकडची सीट जागच्या जागी होती, कोरडी, तिच्या पाठीवर माझा रुमाल.

"ड्रायव्हरची नाही काढली काय?"

मी म्हणालो, ती साफ आहे.

कालव्यावर आपण दोघंही सारखेच उतरलो होतो, साहेब. बुटाला सारखाच चिखल. तुम्ही हे म्हणाला नाहीत. मी वाट पाहत होतो की आता म्हणाल. तुम्ही चपला काढल्या, पँट दोन घड्या वर केली आणि माझ्या हातातला ब्रश घेतलात.

"काळ्या मातीले ओलं करून रगडता काहून? शेतकऱ्याचे पोरं ना तुमी. वाळू द्या आधी. वाळली का आपोआप सोडते."

मग संध्याकाळपर्यंत तुम्ही मला गाडी आतून कशी साफ करायची ते शिकवलंत. माती वाळू द्यायची, बांबूच्या काडीनं थोपटायची, ब्रशनं एकाच दिशेला झाडायची. मग फेस फक्त, पाणी नाही, कारण आतला स्पंज पाणी धरून ठेवतो आणि भाद्रपदात आठ दिवस वाळत नाही, कुबट वास मारतो. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याला कपड्यांचा चिमटा लावायचा, म्हणजे धुतलेला पट्टा ओला आत जात नाही. एसीच्या फटींना रंगाचा जुना ब्रश. शेवटी गालिच्यावर खायचा सोडा शिंपडायचा आणि सकाळी झाडून काढायचा. हे सगळं तुम्ही ऑफिसात नव्या माणसाला नकाशा समजावायचात तसं सांगितलंत. डबा घेतलात आणि घरी जायला निघालात. सर्व्हिसिंगबद्दल एक अक्षर बोलला नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी काही कळवायच्या आतच तुम्ही मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकाशी विचारलंत, यंदा कोणत्या दिवशी काढायची सीट? मी दिवस सांगितला. मी सांगितला, साहेब. नको म्हणालो नाही. तुम्ही त्या दिवशी सकाळी पान्यांची स्वतःची पेटी घेऊन हजर. तेव्हापासून दरवर्षी. बायको एकदा म्हणाली की हे बरं दिसत नाही, त्यांच्याकडून त्यांचीच सीट धुवून घेता. मी तिच्यावर ओरडलो की त्यांना हौस आहे.

मी चहाचे कागदी कप आणून ठेवायचो. तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी, म्हणजे घासायला नको, असं घरात सांगायचो. मीही त्यातच प्यायचो. तुम्ही कप रिकामा केला की त्यात खिशातले बोल्ट टाकून ठेवायचात, हरवू नयेत म्हणून. चार बोल्ट, एक कप. आई ओसरीवर बसून तुमच्याशी बोलायची, मी नळाकडे असायचो. तुमचं काय बोलणं व्हायचं, मी कधी विचारलं नाही.

गाडीतलं बाकीचं बोलू. तुम्ही फोनवर 'जयभीम' म्हणालात की मी माझ्या बाजूची काच थोडी खाली करायचो. काहून, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तुम्ही एकदा म्हणालात, "मोहोड साहेब, माह्या फोनचा लई उकाडा होते वाटते तुमाले." मी एसी वाढवला. तुमचं प्रमोशन माझ्याआधी झालं त्या सकाळी मी मूर्तिजापूरपर्यंत गप्प होतो आणि मग म्हणालो, तुमचं बरं आहे. तीनच शब्द वाटतात कागदावर. तुम्ही म्हणालात, गाडी बाजूला घ्या. बोरगाव मंजूच्या अलीकडे उतरलात, दार हळू लावलंत आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केलात. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीच्या वळणावर नेहमीच्या वेळेला उभे. मी दार उघडलं, तुम्ही बसलात, बेल्ट लावलात. त्या भांडणाचा शेवट अजून झालेला नाही. मी मनात तो पुष्कळदा केला आहे, आणि दरवेळी तुम्हीच जिंकता, म्हणून तोही राग आहे.

एक गोष्ट मात्र आता एकट्यानं गाडी चालवताना कळली. परतीच्या रस्त्यावर एका संध्याकाळी मूर्तिजापूरपाशी माझा डोळा लागला होता आणि तुम्ही स्टिअरिंगला हात घातला होता. समोरून कापसाचा ट्रक येत होता. त्यानंतर तुमचे टोमणे नेमके तिथून सुरू व्हायचे. जाताना, येताना. मी भडकायचो आणि भडकलेल्या माणसाला झोप येत नाही. मागच्या मंगळवारी त्याच ठिकाणी माझी मान लवली, शेजारी कोणी नव्हतं, आणि मी गाडी बाभळीखाली उभी करून तोंड धुतलं. तुम्ही मला जिवंत ठेवण्यासाठी टोचत होता असं मी लिहू शकतो, पुस्तिकेत ते शोभेलही. पण तुम्हाला टोचायला आवडतही होतं. दोन्ही खरं असावं.

पाचव्या की सहाव्या वर्षी मी माफी मागायचा प्रयत्न केला. सीट परत बसवत होतो. तुम्ही आत वाकलेले, मी बाहेरून सीट धरलेली. तुमचं तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर झाला. म्हणालो, तायडे साहेब, हे सगळं आईसाठी करावं लागतं, तिचं जुनं वळण आहे, तुम्ही मनावर घेऊ नका.

तुम्ही आतून पाना फिरवतच विचारलंत,

"आईचं नाव काहून घेता?"

मला वाटलं, तुम्ही मोठ्या मनानं आईला सांभाळून घेत आहात. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढं काही बोलायची गरज उरली नाही. तुम्ही म्हणालात, उजवीकडून उचला जरा, बोल्ट बसत नाही.

माझी तुमच्याशी दुष्मनी आहे ती या ठिकाणी. दरवर्षी तुमच्या हातात पाना होता, मी समोर उभा होतो, आवारात बाहेरचं कोणी नव्हतं. एकदा तो पाना खाली ठेवून म्हणायचं होतं की मोहोड, लाज वाटते काय? ऑफिसात तुम्ही कार्यकारी अभियंत्याला तोंडावर सुनवायचात. ठेकेदार तुमच्या जिभेला घाबरायचे. मग माझ्याच आवारात तुमची जीभ कुठे जायची? तुम्ही माझी सीट इतकी साफ केलीत की मला घाण दिसायचीच बंद झाली. अशी सवलत माणसाला देऊ नये. मी घेतली, तो माझा गुन्हा आहेच. पण तुम्ही देत राहिलात.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी रजेवर होतो. फोन आला तेव्हा पहिला विचार काय आला, सांगतो, कारण प्रज्ञानं खरं लिहायला सांगितलं आहे. महालक्ष्म्या तीन आठवड्यांवर होत्या. मला वाटलं, यंदा सीट मला एकट्याला काढावी लागेल. मग त्या विचाराची शिसारी आली आणि मग रडू आलं. ह्याच क्रमानं.

परवा सकाळी मी ठरवलं की यंदा सीट धुवायची नाही. आईला तसं सांगायचं आणि तिला काय बोलायचं ते बोलू द्यायचं. तीस वर्षांत तिच्याशी वाद घातला नाही, आता घालायचा. तिनं हट्ट केला तर पेटी काकांच्या मुलाच्या गाडीतून जाईल. तुमच्यासाठी मी निदान एक तरी गोष्ट करीन, असं मला फार मोठं वाटत होतं.

आई ओसरीवर आंबाडीची भाजी निवडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "आई, यंदा मी ती सीट धूत नाही. तायडे साहेब बसायचे ती. तुला चालत नसेल तर दुसरी गाडी बघतो."

तिनं मान वर केली नाही. "नको धू. कोनं सांगतलं धुवाले?"

मी म्हणालो, तूच.

"म्या कवा सांगतलं? पयल्या वर्सी गाडीत चिखल होता, तं म्हतलं पुसून घेजो, पेटीच्या फडक्याले लागन. सीट उपटून काढाचं तुह्या डोस्क्यातलं."

मी बाजेवर बसलो. विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, मला वाटलं तुम्हा साहेब लोकांची ती काही रीत असेल, मशिनीची सफाई, मला त्यातलं काय कळतं. मग भाजीची एक जुडी बाजूला ठेवून तिनं सांगितलं, अगदी सहज, भाव सांगावा तसं.

"त्याइनं इचारलं होतं मले. दुसऱ्याच वर्सी. म्हने, माय, मी बसतो ते सीट तुमाले बाटते काय? म्या म्हतलं, मले काय बाटते बाप्पा, पोरगा बसवन तेथं मी बसतो. तं हासले. म्हने, मले वाटलंच होतं."

दुसऱ्याच वर्षी.

म्हणजे पुढची सगळी वर्षं तुम्हाला माहीत होतं. पान्यांची पेटी घेऊन फाटकातून आत येताना माहीत होतं. कागदी कपात बोल्ट टाकताना माहीत होतं. मी आईचं नाव पुढे केलं तेव्हा तुम्ही आत वाकलेले होता आणि तुम्हाला माहीत होतं. आणि मी? मी खरंच आईचं मानून चाललो होतो काय? परवापासून तेच उकरून पाहतो आहे. पहिल्या वर्षी आई पुसून घे म्हणाली होती, हे मला आठवतं. पुसून घे, एवढंच. ते मी कधी विसरलो नव्हतो, फक्त त्याच्याकडे बघत नव्हतो. आई सोयीची होती. म्हातारी, सोवळ्याची, देवाची पेटी मांडीवर. तिच्याआड उभं राहिलं की मी शिकलेला, नव्या विचारांचा, तायड्यांना रोज शेजारी बसवणारा माणूस राहत होतो.

तुम्ही माझ्या तोंडून निघेल म्हणून वाट पाहिलीत, की मजा पाहिलीत? मजा पाहिली असेल तर मला तुमचा राग आहे. वाट पाहिली असेल तर त्याहून जास्त राग आहे, कारण मग मी तुम्हाला दरवर्षी बाजेपाशी ताटकळत ठेवलं, आणि आता त्याचं काही करता येत नाही. हे विचारायला तुम्हीच हवे होता. नेमके तुम्हीच नाही.

आणि अजून संपलेलं नाही. भाजी निवडून झाल्यावर आई म्हणाली की मला त्यांच्या घरी ने, बसायला जाते, इतकी वर्षं आला माणूस, मी गेलेच नाही. मी दोन दिवस टाळलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं. आज तिनं स्वतःच जायची चप्पल बाहेर काढून ठेवली आहे आणि उद्या सकाळचं नक्की केलं आहे. ती वहिनींच्या शेजारी बसेल. तिला बोलायची सवय आहे. तुमच्या सीटचं, तुमच्या प्रश्नाचं, स्वतःच्या उत्तराचं ती जसं मला सांगितलं तसंच सांगून टाकेल, कोणाला काही लागावं म्हणून नाही, आठवण म्हणून. आणि प्रज्ञा माझ्याकडे पाहील. तिच्या घरात, तिच्या आईसमोर, तुम्ही गेल्यावर आठ दिवसांत मी जे सांगितलं, ते तिथल्या तिथे खोटं ठरेल, आणि ते खोटं मी माझ्या आईवर टाकलं होतं हेही.

हा कागद उद्या प्रज्ञाला देणार आहे. छापायचा की फाडायचा, ते तिचं. पण कागद वाचायला वेळ लागतो, आणि कागदामागे लपता येतं हे मला या वयात कळतं. आईला गाडीतून उतरायला वेळ लागतो. आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा, मग पदर सारखा करणं. तेवढ्यात मी तुमच्या दाराशी पोचेन. प्रज्ञा दार उघडेल. वहिनीही असतील तर बरं. मी त्यांना सांगेन की ती सीट माझ्या आईला कधी बाटत नव्हती. मला बाटत होती.